परदेशातल्या मुलांना भेटवस्तू पाठवल्या, आभाराची पत्रं सगळी एकसारखी आली, मुलांना खरंच काही वाटतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या एका ताईंच्या महिला मंडळाने गेल्या हिवाळ्यात वर्गणी काढून नेपाळच्या डोंगराळ भागातल्या एका शाळेला स्वेटर, दप्तरं, कंपासपेट्या पाठवल्या, तिथल्या एका संस्थेमार्फत. चार महिन्यांनी आभाराच्या पत्रांचं पाकीट आलं आणि उघडून बघतात तर सगळी पत्रं जवळजवळ एकसारखी. काहीजणी हिरमुसल्या, कोणी म्हणालं पुढच्या वेळी मुलांचा व्हिडिओच मागवू. ताईंच्या नऊ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या साठवलेल्या पैशातून एक रंगपेटी त्यात घातली होती, तो अजून विचारतोय की ती कोणाला मिळाली आणि आवडली का. शिवाय त्यांची नणंद अमेरिकेतून दर वर्षी नाताळच्या आधी बुटांच्या खोक्यात भेटी भरून पाठवते, तिला कधीच कोणाचं उत्तर आलेलं नाही. तर यातलं खरं काय, पुढे पाठवावं का, आणि मुलाला काय सांगावं.

ताई, मुलांना वाटतं, खूप वाटतं, हे आधी सांगून टाकते. फक्त ते आपल्या सोयीच्या वेळी आणि आपल्याला ऐकायचंय त्या शब्दांत बाहेर येत नाही. मी बडोद्याचीच, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या सोशल वर्क फॅकल्टीत शिकले आणि नंतरचं जवळपास सगळं काम छोटा उदेपूरकडच्या आदिवासी गावांमध्ये केलं, मुलांच्या प्रायोजकत्वाच्या कार्यक्रमात. म्हंजे युरोप-कॅनडातली कुटुंबं एकेका मुलाच्या नावाने दरमहा पैसे पाठवायची, ते पैसे गावातल्या शाळा, दवाखाना, पाणी यावर लागायचे, आणि मुलं वर्षातून दोन-तीनदा त्या कुटुंबांना पत्र लिहायची. ही पत्रं गुजरातीतून इंग्लिशमध्ये करून पाठवायचं काम कितीतरी वर्षं माझ्याकडे होतं. तुमच्याकडे जे पाकीट आलंय ते तिकडे भरतं कसं, हे मी जवळून बघितलंय.

भरतं असं. ऑफिसातून निरोप येतो की अमुक तारखेपर्यंत सगळी पत्रं हवीत, गावात जाणारा कार्यकर्ता एकटाच, त्याच्याकडे पाच-सहा गावं, तो शाळेच्या ओसरीवर तीस-चाळीस मुलांना बसवतो, त्यातली अर्धी अजून जोडाक्षरांशी झगडतायत, कोणाला पेन्सिल नाही, कोणाला बाहेर बकऱ्या सोडायची घाई, आणि मग मास्तर फळ्यावर चार ओळी लिहून देतात. तुम्ही पाठवलेली भेट मिळाली, आम्हाला खूप आनंद झाला, आम्ही मन लावून अभ्यास करू, देव तुमचं भलं करो. मुलं ते उतरवून काढतात. एकसारखेपणा फळ्याचा आहे हो, मुलांचा नाही. आपल्याकडे पंधरा ऑगस्टला प्रमुख पाहुण्यांचे आभार मानणारं पोर जे बोलतं तेही कोणीतरी लिहून दिलेलंच असतं की, पण म्हणून त्या पोराला पेढा आवडला नाही असं कोणी म्हणत नाही.

आता ती पत्रं परत एकदा काढा आणि ओळी सोडून बाकीचं बघा. समास बघा, मागची बाजू बघा. माझ्या अनुभवात खरं पत्र नेहमी तिथे असायचं. तिथल्या राठवा आदिवासींच्या घरात भिंतीवर पिठोरा नावाची चित्रं रंगवतात, त्यात घोड्यांच्या रांगा असतात, तर आमच्या मुलांच्या पत्रांच्या मागे घोडेच घोडे असायचे, एकाने तर हॉलंडच्या बाईंसाठी घोड्यावर बसलेली चष्मेवाली बाई काढली होती, कारण तिच्या फोटोत चष्मा होता. एका मुलीने घडीमध्ये वाळवलेली महुड्याची, म्हंजे मोहाची, फुलं ठेवली. आता फुलं, बिया असलं काही परदेशी टपालातून जात नाही, ते काढावं लागलं, पण मी पत्राच्या खाली वेगळी टीप लिहिली की या मुलीने तुमच्यासाठी तिच्या घरची फुलं ठेवली होती, ती नियमामुळे काढून घेतली आहेत, ही फुलं गोळा करायला तिची आई पहाटे अंधारात जाते आणि त्यावर त्यांचं उन्हाळ्याचं घर चालतं. त्या कुटुंबाचं उत्तर जे आलं ते आधीच्या सगळ्या पत्रांपेक्षा मोठं होतं. त्यांना पहिल्यांदा कळलं की तिकडे कोणीतरी आपल्याला काहीतरी द्यायचा प्रयत्न करतंय.

हीच गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे. मुलाची कृतज्ञता म्हंजे बहुतेक वेळा परत काहीतरी द्यायची धडपड असते. आणि आपण देणारे लोक घ्यायला तयार नसतो, आपल्याला फक्त चार गोड ओळी हव्या असतात.

यावर जुना अभ्यास आहे आणि तो मला फार आवडतो. फ्रान्झिस्का बाउमगार्टेन-त्रामेर नावाच्या मानसशास्त्रज्ञ होत्या, त्यांनी १९३८ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरातल्या ७ ते १५ वर्षांच्या मुलांना दोनच प्रश्न विचारले. तुझी सगळ्यात मोठी इच्छा कोणती, आणि ती पुरी करणाऱ्यासाठी तू काय करशील? उत्तरांचे चार प्रकार निघाले. काही मुलं नुसतं म्हणणार की मी धन्यवाद देईन. काही, आणि यात लहान मुलं जास्त, म्हणणार की मी माझी आवडती वस्तू देईन, चॉकलेट देईन, खेळणं देईन, म्हंजे देणाऱ्या मोठ्या माणसाला त्याचा काही उपयोग आहे का हे त्या वयात डोक्यात येतच नाही, मला जे प्रिय ते मी त्याला देणार. थोडी मोठी झाली की नातं जोडायचं बघतात, त्या माणसाला काय आवडेल, त्याच्या अडचणीला मी कशी धावून जाईन. आणि चौथा प्रकार, जे मिळालं त्याचं सोनं करायचं, शिकायला मदत मिळाली तर नीट शिकून दाखवायचं. आजही मुलांच्या कृतज्ञतेवर काम करणारे काही संशोधक याच प्रकारांपासून सुरुवात करतात. आमच्या मुलांची पत्रं या चारात अगदी चपखल बसायची. सात वर्षांचं पोर लिहायचं, आमच्याकडे या, मी तुम्हाला मकाई भाजून देईन. बारा-तेराची मुलगी विचारायची, तुमच्या आईचं ऑपरेशन झालं का, आता त्या चालतात का. आणि दहावीतला मुलगा काही न बोलता गुणपत्रिकेची झेरॉक्स घालायचा, त्याच्या दृष्टीने तेच पत्र.

यातला पहिला प्रकार, नुसते शब्द, सगळ्यात सोपा असतो आणि तोच फळ्यावरून उतरवता येतो. बाकीचे तीन उतरवून येत नाहीत, त्यांना जागा द्यावी लागते.

युनिसेफची शुभेच्छापत्रं तुम्ही पाहिली असतील, आपल्याकडे पूर्वी दिवाळीला-नव्या वर्षाला ती पाठवायची पद्धत होती. त्यांची सुरुवात एका मुलीच्या आभारापासूनच झाली. युनिसेफ १९४६ च्या डिसेंबरमध्ये स्थापन झाली ती दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या मुलांसाठी, युरोपातल्या मुलांना दूध, औषधं पोचवायला. चेकोस्लोव्हाकियातल्या एका खेड्यातली यित्का साम्कोव्हा नावाची सात वर्षांची मुलगी, तिने मदतीचे आभार म्हणून चित्र काढलं, कागद मिळेना म्हणून काचेवर काढलं. एक उंच खांब, त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी मुलं. १९४९ साली तेच चित्र युनिसेफचं पहिलं ग्रीटिंग कार्ड झालं आणि नंतर अशा कार्डांच्या विक्रीतून दुसऱ्या देशांतल्या मुलांसाठी पैसे उभे राहत गेले. त्या चित्रात दूधही नाही आणि कोणाचं नावही नाही. मुलं परत नाचतायत एवढंच आहे. कोणी फळ्यावर ओळी लिहून दिल्या असत्या तर हे चित्र आलं असतं असं मला वाटत नाही.

आता आपल्या जवळचं उदाहरण, कारण आपण मराठी माणसं आणि राहतो गुजरातेत, तर ही गोष्ट दोन्हीकडून आपलीच आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया, कझाकस्तानात नेऊन टाकलं, त्यात हजारो मुलं अनाथ झाली. १९४२ मध्ये नवानगर संस्थानचे महाराज, जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी त्यातल्या शेकडो मुलांना जामनगरजवळ बालाचडीला समुद्रकिनारी घर दिलं. आणि १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्याला पाच हजारांच्या आसपास पोलिश निर्वासित राहिले, बायका आणि मुलंच जास्त, १९४८ पर्यंत. शाळा होती, चर्च होतं, स्काउट होतं, मुलं पंचगंगेत पोहायला शिकली.

या मुलांच्या आभाराचं काय झालं बघा. ती मोठी झाली, कोणी पोलंडला, कोणी इंग्लंडला, कोणी कॅनडा-ऑस्ट्रेलियाला गेली, आणि त्यांनी संघटना काढली, आठवणी लिहिल्या, म्हातारपणी नातवंडांना घेऊन बालाचडी आणि कोल्हापूर दाखवायला परत आली. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. वॉर्सॉमध्ये एका चौकाला चांगल्या महाराजांचा चौक असं नाव दिलंय, तिथल्या एका शाळेला जामसाहेबांचं नाव आहे, आणि कोल्हापूरच्या नावाचंही स्मारक वॉर्सॉत आहे, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपले पंतप्रधान तिकडे गेले तेव्हा त्यांनी दोन्हीकडे पुष्पचक्र वाहिलं. जामसाहेब तर १९६६ मध्येच गेले, यातलं बरंचसं त्यांना बघायलाही मिळालं नाही. तुम्ही चार महिन्यांत आलेल्या पाकिटावर हिरमुसलात, ते मी समजू शकते, पण मुलाच्या मनात ही गोष्ट कधी पिकेल ते सांगता येत नाही, कधीकधी पन्नास वर्षं लागतात. आणि या लोकांच्या आठवणींमध्ये काय असतं तर आम्हाला जेवायला मिळालं हे असतंच, पण त्याहून जास्त शाळा, शिक्षक, नाटकं, सण, आणि जामसाहेब आम्हाला भेटायला यायचे, आम्ही त्यांना बापू म्हणायचो, हे असतं. कोणीतरी बराच काळ टिकून आपल्याकडे लक्ष दिलं, हे.

वस्तूंबद्दलही बोलायलाच हवं, कारण तुमचं मंडळ पुढे काय पाठवणार हा प्रश्न आहे. एल साल्वाडोरमध्ये एका कंपनीच्या फुकट वाटलेल्या बुटांवर अभ्यास झाला होता, काही गावांत बूट दिले, काहींत दिले नाहीत, आणि मग मुलांची तुलना केली. मुलांना बूट आवडले, त्यांनी ते घातलेही, पण तब्येत, शाळेतली हजेरी यात म्हणावा तसा फरक दिसला नाही. आणि एक गोष्ट मला काळजीची वाटली, घरच्या गरजा बाहेरच्यांनी पुरवायला हव्यात असं म्हणणारी मुलं बूट मिळालेल्यांमध्ये ७९ टक्के निघाली आणि न मिळालेल्यांमध्ये ६६ टक्के. एवढा फरक एका बुटाच्या जोडीने पडतो.

याच्या उलट, वर्षानुवर्षं चालणाऱ्या प्रायोजकत्वावर वायडिक, ग्लेवी आणि रटलेज या अर्थशास्त्रज्ञांचा २०१३ मध्ये छापलेला अभ्यास आहे, भारत, केनिया, युगांडा, फिलिपिन्स, ग्वातेमाला आणि बोलिव्हिया अशा सहा देशांतला. लहानपणी ज्यांना असा आधार मिळाला ती मुलं मोठी झाल्यावर बघितली तर सरासरी एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली होती आणि माध्यमिक शिक्षण पुरं करण्याचं प्रमाण १२ ते १८ टक्के अंकांनी जास्त. नंतर याच गटातल्या काहींनी जकार्ताच्या झोपडपट्टीतल्या मुलांना स्वतःचं चित्र काढायला सांगितलं, तर आधार मिळणाऱ्या मुलांच्या चित्रांत आशा जास्त दिसली. दोन्हीकडे बाहेरच्याच लोकांचे पैसे, मग फरक का? मला माझ्या कामातून जे दिसलं ते सांगते. बूट वाटणारा एकदा येऊन जातो. प्रायोजकत्वात गावातला एक माणूस दर आठवड्याला त्या मुलाची विचारपूस करत असतो, शाळेत का नाही गेलास, खोकला गेला का, पुढे काय व्हायचंय, आणि लांब कोणीतरी आहे ज्याला माझं नाव माहीत आहे ही भावना वेगळीच. पैसे कधी आले याची चौकशी मुलांनी माझ्याकडे कधी केली नाही, पण गावात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न हाच, बेन, कागळ आव्यो? पत्र आलं का?

आणि बऱ्याचदा आलेलं नसायचं. नियमित पैसे पाठवणारी कितीतरी कुटुंबं पत्राला उत्तरच देत नाहीत, वाईट मनाने नाही, त्यांना वाटतं आपण काय लिहायचं, किंवा वाटतं की आपल्याला आभार नकोच आहेत, आपण निरपेक्ष दिलंय. दिसायला हे फार मोठं मन दिसतं पण त्या मुलाच्या बाजूने बघा. त्याने घोडा काढला, मकाईचं आमंत्रण दिलं, तिकडून काहीच नाही. म्हंजे माझं देणं कोणी घेतलंच नाही. मग पुढच्या वेळी ते पोर फळ्यावरचं उतरवतं आणि मोकळं होतं. मी तर म्हणते एकसारख्या पत्रांचं निम्मं कारण उत्तरं न येणं हे आहे.

आता व्हिडिओचं. कृपा करून मागवू नका. मी अशी शूटिंग बघितलेली आहेत, मुलांना रांगेत उभं करायचं, हातात वस्तू द्यायची, लेबल कॅमेऱ्याकडे, हसा, एकसाथ बोला, आणि मागे आई-बाप उभे. त्या बापाचा चेहरा कोणी बघत नाही. आपल्या लेकराला स्वेटर आपण घेऊ शकलो नाही ही गोष्ट त्याच्या तोंडावर, सगळ्या गावासमोर, मोबाईलमध्ये रेकॉर्ड होत असते. माझं ठाम मत आहे की वस्तू मुलाच्या हातात आई-वडिलांनीच द्यावी, बाहेरच्या माणसाने नाही. आम्ही तसंच करायचो, भेटी आधी पालकांच्या बैठकीत द्यायच्या, कोणाला काय लागतं ते त्यांनी निवडायचं, आणि घरी जाऊन त्यांनी आपल्या मुलांना द्यायचं. फोटोत दाखवण्यासारखं काही उरत नाही पण घरातला मान राहतो. शिवाय मुलांचा चेहरा, पूर्ण नाव, गाव, शाळा हे सगळं एकत्र इंटरनेटवर जाणं सुरक्षितही नाही, जबाबदार संस्था आडनाव आणि पत्ता देतच नाहीत आणि देणाऱ्यालाही मुलाशी थेट फोनवर, सोशल मीडियावर बोलू देत नाहीत. तुम्ही मागितलंत आणि संस्थेने नाही म्हटलं तर ती संस्था चांगली आहे असं समजा.

तुमच्या नणंदेच्या खोक्यांबद्दल. या उपक्रमाची सुरुवात १९९० मध्ये वेल्समधून रोमानियातल्या अनाथ मुलांसाठी झाली, १९९३ पासून अमेरिकेतली एक मोठी ख्रिस्ती संस्था तो चालवते आणि आतापर्यंत वीस कोटींच्या वर खोकी वाटली गेली आहेत. वाटप स्थानिक चर्चमार्फत होतं आणि सोबत धर्माची ओळख करून देणारं साहित्यही असतं, हे नणंदेला माहीत असावं, पटतंय का ते त्यांनी ठरवावं. उत्तर येत नाही कारण खोकं एका ठरलेल्या मुलासाठी नसतंच, मुलगा की मुलगी आणि वयाचा गट एवढंच वर लिहिलेलं असतं. ऑनलाइन पैसे भरून लेबल काढलं तर खोकं कुठल्या देशात गेलं ते कळतं, आणि आत स्वतःची चिठ्ठी, फोटो ठेवता येतो, कधी एखाद्या घरून उत्तर येतंही. पण ते खोकं उघडताना त्या मुलाला जो आनंद झाला तो झालाच, उत्तर आलं नाही म्हणून तो कमी झाला नाही. त्यांना नातं हवं असेल तर मात्र हा मार्ग नाही, मग एकाच मुलाचा, एकाच शाळेचा हात धरायला हवा.

नेपाळच्या शाळेला पुढे पाठवायचं असेल तर वस्तू इथून नेऊ नका. २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्ये देशविदेशातून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडलेले मी बघितलेत, कामाचे कमी आणि बिनकामाचे जास्त, आणि ते हलवायलाच माणसं लागायची. दप्तर काठमांडू-पोखऱ्यातही मिळतं, तिथे घेतलं तर वाहतूक वाचते, कस्टम्सची कटकट नाही, तिथल्या दुकानदाराला धंदा मिळतो आणि चेन तुटली तर दुरुस्तीही तिथेच होते. तिकडचं शाळेचं वर्ष वैशाखात, म्हंजे एप्रिलच्या मध्याला सुरू होतं, तर दप्तरं-वह्या त्याआधी आणि स्वेटर दसैंच्या, म्हंजे तिकडच्या दसऱ्याच्या, सुमारास पोचले तर उपयोग. संस्थेला विचारा की यंदा शाळेला काय हवंय, कदाचित मुलींच्या संडासाचं दार हवं असेल, फोटोला बरं दिसत नाही पण मुली त्यामुळे शाळेत टिकतात. पैशाचं असं की आपल्याकडून परदेशात देणगी पाठवायची रिझर्व्ह बँकेची एलआरएस ही सोय फक्त व्यक्तींसाठी आहे, मंडळ किंवा ट्रस्टसाठी नाही, आणि परदेशातल्या संस्थेला दिलेल्या देणगीवर ८०जी ची करसवलत मिळत नाही. नेपाळला रुपयांत पाठवायचे नियम पुन्हा वेगळे आहेत, तर आधी तुमच्या बँकेत विचारून घ्या आणि मंडळाच्या खात्यातून परस्पर काही पाठवू नका. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती रोख तर अजिबात नको.

आता तुमचा मुलगा. त्याला खोटं सांगू नका की रंगपेटी अमक्याला मिळाली आणि त्याला फार आवडली. जे खरं आहे ते सांगा, की पेटी शाळेत पोचली आहे, कोणाकडे गेली ते आपल्याला कदाचित कळणार नाही. नऊ वर्षांच्या मुलाला हे झेपतं. आणि त्याला त्या पाकिटातलं एक पत्र द्या. नेपाळी देवनागरीतच लिहितात, त्याला त्या मुलाचं नाव, त्याच्या इयत्तेचा आकडा स्वतः वाचता येईल, चार शब्द ओळखीचेही निघतील. मग त्याला उत्तर लिहू द्या. तुला पेटी आवडली का हा प्रश्न नको, त्याने ते मूल परत आभाराच्या ओळीवर जातं. तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का, तुमच्या डब्यात काय असतं, तुमच्या घरी गाय आहे का म्हैस, शाळेत जाताना चढ किती आहे, असलं विचारू दे. स्वतःचं सांगताना कमाटीबागेतल्या झुकझुक गाडीचं चित्र काढू दे, नवरात्रात आपण रात्रभर कसे गरबा खेळतो ते लिहू दे, गणपतीचं लिहू दे. घरातल्या वस्तूंची यादी, गाडी, फिरायला कुठे गेलो ते नको. मी तुला भेटायला येईन असं वचन तर मुळीच नको, ती मुलं वाट बघतात. आपला पत्ता, फोन नंबर घालू नका, पत्र संस्थेकडेच पाठवा.

आणि शेवटी एखादी अशी गोष्ट मागू दे जी ते मूल देऊ शकेल. तुमच्याकडचं एखादं कोडं सांग, तुमच्या गावच्या डोंगराचं चित्र काढून पाठव, एखादा खेळ कसा खेळतात ते लिही. आमच्या कार्यक्रमात एका कॅनडाच्या आजोबांनी एका मुलाला लिहिलं होतं की पिठोऱ्याचा घोडा कसा काढतात ते मला पायरीपायरीने शिकव, मी इथे सुतारकाम करतो, मला तो लाकडात कोरायचाय. तो मुलगा, जो तोपर्यंत दोन ओळींच्या वर कधी गेला नव्हता, त्याने चार पानं भरली, आधी मान, मग पाठ, मग पाय, प्रत्येकाला आकडे घातले, काकांना विचारून रंगात दूध आणि महुड्याची दारू का घालतात तेही लिहिलं. त्यात आभार हा शब्द कुठेही नव्हता. मी ते पत्र भाषांतर करताना दोनदा उठून पाणी पिऊन आले.

मंडळातल्या बायकांनाही हेच सांगा. पत्रं वाटून घ्या, प्रत्येकीने एकाला उत्तर, मराठीत लिहिलं तरी चालेल, हिंदीत लिहिलं तर तिथले शिक्षक सहज समजावून देतील. संस्थेला सोबत एक चिठ्ठी घाला की पुढच्या वेळी मुलांना फळ्यावर काही लिहून देऊ नका, ज्याला लिहायचं नसेल त्याला सोडा, कोरा कागद आणि रंग द्या, कमी पत्रं आली तरी आम्हाला चालतील. कार्यकर्त्याला हे वाचून किती हायसं वाटतं ते मला विचारा. दसैंला तिकडे शाळा बरेच दिवस बंद असतात, तेव्हा टपालाचा वेळ धरून भाद्रपदातच पाठवा, गौरी उठल्या की बसा लिहायला.